भट्टीची नवी जाळी : कुडाळच्या वर्कशॉपच्या कामाचा आठ महिन्यांनंतरचा अभिप्राय

वेंगुर्ल्याजवळ आमचे काजू प्रक्रियेचे छोटे युनिट आहे. काजूची टरफले जाळून आम्ही बेबी बॉयलर चालवतो. त्याच्या भट्टीतील जाळीच्या सळ्यांना दर हंगामात बाक येत असे, फटी रुंदावत आणि अर्धवट जळालेली टरफले खाली राखेच्या खड्ड्यात पडत. गेल्या ऑक्टोबरमध्ये हे काम आम्ही कुडाळ एमआयडीसीतील एका लहान फॅब्रिकेशन वर्कशॉपकडे सोपवले.

त्याआधी ज्यांनी जाळी बदलून दिली होती, त्यांनी ‘माल हलका लागला असेल’ असे सांगून तेवढ्याच लांबीच्या साध्या लोखंडी सळ्या पुन्हा दोन्ही टोकांना वेल्ड करून बसवल्या होत्या. कुडाळच्या मिस्त्रींनी जाळीवर वजन किती पडते हे विचारलेच नाही. काळोखात ती कोणत्या रंगाची दिसते आणि दिवसाला किती तास तशी राहते, एवढेच विचारले. मंद लाल, साधारण दहा तास, हे ऐकल्यावर ते म्हणाले, “भाऊ, ही सळी वजनाने वाकत नाही, हळूहळू वाहते आहे.”

त्यांचे म्हणणे शब्दशः खरे आहे. धातुशास्त्रात याला क्रीप म्हणतात. 60 सेंटीमीटर लांब आणि 25 मिलिमीटर जाडीच्या चौकोनी सळीवर स्वतःच्या वजनाने येणारा ताण 1 मेगापास्कलही (हे ताणाचे एकक) भरत नाही, तर साधे लोखंड थंड असताना सुमारे 250 मेगापास्कलपर्यंत कायमचे वाकत नाही. परंतु मंद लाल रंग म्हणजे सुमारे 600 ते 650 अंश सेल्सिअस, आणि केल्विनमध्ये मोजल्यास ते लोखंडाच्या वितळबिंदूच्या जवळजवळ निम्मे होते. तेवढ्या उष्णतेत अणू जागा बदलू लागतात. धातू बारीक स्फटिककणांचा बनलेला असतो. दोन कण जेथे भिडतात त्या कणसीमा. ज्या कणसीमांवर ओढ पडते तेथे रिक्त जागा, म्हणजे अणू नसलेली ठिकाणे, सहज निर्माण होतात, ज्यांवर दाब पडतो तेथे त्या बुजतात, आणि अणू उलट दिशेने, दाबाकडून ओढीकडे, एकेक करून सरकत राहतात. सळीच्या खालच्या अंगाला ओढ असते, म्हणून तेथील प्रत्येक कण किंचित लांबतो. वरच्या अंगाचा आखडतो आणि सळीला पोट येते.

कणाच्या आतून होणाऱ्या या सरकण्याचे गणित शास्त्रज्ञ नाबारो यांनी 1948 मध्ये व हेरिंग यांनी 1950 मध्ये मांडले. कणसीमेवरून होणाऱ्या सरकण्याचे कोबल यांनी 1963 मध्ये. कण दुप्पट मोठा असेल, तर पहिल्या प्रकारात वेग एक चतुर्थांश होतो आणि दुसऱ्यात एक अष्टमांश. थंड अवस्थेत बारीक कणांचे पोलाद सरस असले, तरी आगीत मोठ्या कणांचेच टिकते.

वर्कशॉपने सळ्यांसाठी 310 ग्रेडचे स्टेनलेस वापरले. त्यात सुमारे 25 टक्के क्रोमियम आणि 20 टक्के निकेल असते, ते आगीत गंजाची खपली कमी धरते, आणि त्याच्या ऑस्टेनाइट रचनेत (अणूंच्या अधिक दाट मांडणीत) अणू साध्या लोखंडापेक्षा कितीतरी सावकाश सरकतात. तरीही मला सर्वाधिक आवडला तो त्यांनी राखेच्या खड्ड्यात अग्निविटांचा उभारलेला ठेंगणा खांब. त्यामुळे प्रत्येक सळी 30 सेंटीमीटरची झाली. असे वाहणे ताणाच्या प्रमाणात होत असेल, तर स्वतःच्या वजनाने येणारा बाक लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो. लांबी निम्मी केली की तो सोळाव्या हिश्श्यावर येतो. दुप्पट जाड सळ्या घालून एवढा फरक पडला नसता. टोके वेल्ड न करता खाचेत मोकळी ठेवली आहेत आणि 5 मिलिमीटरची फट सोडली आहे, कारण तापल्यावर सळी सुमारे 3 मिलिमीटरने लांबते.

त्रुटीही नोंदवायला हव्यात. सहा दिवसांचे काम अकरा दिवसांवर गेले, आणि ऐन मागणीच्या काळात भट्टी बंद राहिली. मालाचे प्रमाणपत्र दोनदा मागितल्यावर मिळाले. त्यात रासायनिक घटक आहेत, कणांच्या आकाराची नोंद नाही. बिल आधीच्या कामाच्या तिपटीहून अधिक आले. ज्यांची भट्टी दिवसातून तासभरच पेटते, त्यांनी एवढा खर्च करण्याचे कारण मला दिसत नाही. त्यांनी साध्या लोखंडाच्या सळ्या ठेवून फक्त मधला खांब बांधून घ्यावा.

पूर्वीच्या सळ्यांवर दोरी ताणून मोजले, तेव्हा चार महिन्यांत 11 मिलिमीटर बाक आला होता. या जुलैत भट्टी थंड असताना नव्या सळ्यांवर तीच दोरी धरली. मधोमध फुटपट्टीवर 1 मिलिमीटरही भरला नाही.