राखणाऱ्याचा वाटा : ईव्ह ऑनलाइनमधले आठ महिने

आठ महिने झाले. रोज नाही, पण आठवड्यातून तीन-चार रात्री आणि रविवारची दुपार मी ईव्ह ऑनलाइन खेळते. राहते ठाण्यात, कोपरीला, नोकरी ऐरोलीत. घरी येऊन जेवणखाण उरकलं की साडेदहाला लॅपटॉप उघडते. या खेळात पैसे कसे मिळतात आणि टोळी कशी बांधायची, हे मला सुरुवातीला मराठीत कुणी सांगितलं असतं तर माझे पहिले दोन-अडीच महिने वाया गेले नसते. म्हणून सविस्तर लिहिते.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आइसलंडच्या सीसीपी कंपनीने २००३ च्या मे महिन्यात हा खेळ सुरू केला. खेळ अंतराळाचा, आणि सगळे खेळाडू आपापली अंतराळजहाजं घेऊन एकाच विश्वात असतात. त्या सर्व्हरचं नाव ट्रँक्विलिटी, आणि तो लंडनमध्ये आहे. आपल्याकडून पिंग, म्हणजे सर्व्हरकडून उत्तर यायला लागणारा वेळ, बऱ्यापैकी जास्त येतो, पण सर्व्हर सेकंदाला एकदाच हिशेब करतो, त्यामुळे गोळीबाराच्या खेळात जसा पिंग मारतो तसा इथे मारत नाही. माझ्या जुन्या लॅपटॉपवर ग्राफिक्स कमी ठेवून व्यवस्थित चालतो. मराठी किंवा हिंदी भाषा नाही, इंग्रजी वाचायची तयारी हवी. खेळातलं चलन इस्क. अब्ज-दशलक्षात मोजायला आम्हाला जमलं नाही, आम्ही लाख-कोटीतच बोलतो.

२०१६ पासून फुकटात खेळता येतं. त्या खात्याला अल्फा म्हणतात. त्यात काही जहाजं आणि कौशल्यं बंद असतात. पैसे भरले की ओमेगा. महिन्याला साधारण वीस डॉलर, म्हणजे माझ्या दृष्टीने बरेच. दुसरा मार्ग प्लेक्सचा. ५०० प्लेक्स दिले की महिनाभर ओमेगा मिळतं, आणि प्लेक्स खेळातल्या बाजारात इस्क देऊन विकत घेता येतात. हे वाचून मी ठरवलं की खिशातून पैसे घालायचे नाहीत, इस्क कमावून ओमेगा घ्यायचं.

करिअर एजंट म्हणजे नव्यांना काम शिकवणारी खेळातली पात्रं. सुरुवातीची त्यांची कामं नीट केली. ती कुणीही टाळू नयेत. त्यातच व्हेंचर नावाचं खाणकामाचं छोटं जहाज फुकट मिळतं. मग सुरक्षित भागात, एकटीने, लघुग्रहांवर लेझर लावून वेल्डस्पार खणत बसले. माझं उत्पन्न तासाला साठ-सत्तर लाखांच्या वर जात नव्हतं. त्या वेळी एक प्लेक्स पन्नास लाखांच्या वर होता. म्हणजे एका महिन्याच्या ओमेगासाठी अडीचशे कोटी, आणि तासाला पासष्ट लाख धरले तर पावणेचारशे तासांहून जास्त खणणं. हा भागाकार मी पहिल्याच आठवड्यात करायला हवा होता. तुम्ही आजच करा.

मग स्कॅनिंग शिकले. हेरॉन जहाज, प्रोब लाँचर, आणि वर्महोलमधून (अवकाशातलं भोक, ज्यातून अनोळखी, पोलीस नसलेल्या भागात जाता येतं; त्या भागालाही वर्महोलच म्हणतात) आत जाऊन रेलिक साइट, म्हणजे जुन्या अवशेषांच्या जागा, फोडायच्या. यात खरंच पैसा आहे. एका रात्रीत पाच कोटींचा माल हाताला लागला, आणि परतीच्या वाटेवर जहाजासकट गेला. एक गोष्ट लक्षात ठेवा : ज्या रेलिक किंवा डेटा साइटच्या नावात चाच्यांच्या टोळीचं नाव असतं, तिथे वर्महोलमध्ये पहारेकरी नसतात. ‘फरगॉटन’ किंवा ‘अनसिक्युअर्ड’ने सुरू होणाऱ्या साइटवर स्लीपर, म्हणजे खेळानेच चालवलेली हल्लेखोर जहाजं, असतात, तिथे हेरॉन घेऊन जाऊ नका.

इथपर्यंत सगळं एकटीने. खरा खेळ सुरू झाला तो आम्ही चौघे एकत्र आलो तेव्हा.

चौघे म्हणजे मी, कळव्याचा माझा चुलतभाऊ, ऑफिसमधला एक मित्र जो मूळचा चेंदणी कोळीवाड्याचा, आणि आमच्याच इमारतीतले काका. काकांचं वय चौसष्ट. वाशीच्या एपीएमसीत, दाणाबंदरात, आयुष्य गेलं. नातवासाठी घेतलेला कॉम्प्युटर नातू हॉस्टेलला गेल्यावर पडून होता. एकदा माझ्या स्क्रीनवर त्यांनी जिताचा बाजार पाहिला आणि खुर्ची ओढून बसले. जिता ४-४ हे या विश्वातलं सगळ्यात मोठं व्यापाराचं स्टेशन. एका बाजूला विकणाऱ्यांचे भाव, दुसऱ्या बाजूला घेणाऱ्यांच्या बोल्या, खाली रोजच्या उलाढालीचा आलेख. मला ते आकड्यांचं जंगल वाटत होतं. काकांनी पाच मिनिटं पाहून विचारलं, “यात अडत किती आणि सेस किती?” ब्रोकर फी आणि सेल्स टॅक्स या दोन्ही गोष्टी या खेळात असतात, आणि त्या वजा न करता मी दोन महिने नफा मोजत होते.

काकांची रीत साधी आहे. जितात बोली लावून माल घ्यायचा, घाई करायची नाही. बोली तीन महिन्यांपर्यंत ठेवता येते. मग जिथे नवे खेळाडू मिशन करतात अशा लांबच्या स्टेशनांवर तो थोडा-थोडा न्यायचा. दारूगोळा, छोटी मॉड्यूल, ड्रोन. “जिथं आवक कमी आणि खप रोजचा, तिथं जायचं. एकदाच विकली जाणारी महाग वस्तू आपल्या कामाची नाही.” आलेखातला रोजचा खप ते आधी बघतात, भाव नंतर. एका खेपेत जहाजाच्या किमतीच्या मानाने फार माल भरत नाहीत. कारण सुरक्षित भागातही स्वतःची जहाजं घालवायची तयारी ठेवून मालवाहू फोडणारे लोक असतात. काँकॉर्ड नावाचे पोलीस येतात, मारणाऱ्याला नष्ट करतात, पण तोवर तुमचं जहाज गेलेलं असतं. काँकॉर्ड शिक्षा करतं, राखण करत नाही. युडामासारख्या बदनाम सिस्टममधून जाताना आमच्यातला एक जण रिकाम्या जहाजाने पुढे जातो, वाट बघतो, मगच काका निघतात.

आता राखणीबद्दल. मला मुख्यतः हेच सांगायचं आहे.

चौघांनी मिळून कॉर्पोरेशन, म्हणजे खेळातली आमची टोळी, काढलं आणि वर्महोलमध्ये वायू गोळा करायला लागलो. तिथला फुलराइट वायू व्हेंचरनेच ओढता येतो, अल्फा खात्यालाही जमतं, आणि माझ्या खाणकामाच्या तिप्पट-चौपट पैसे सुटतात. धोका असा, की एरवी आसपासच्या खेळाडूंची नावं दाखवणाऱ्या ‘लोकल’ यादीत वर्महोलमध्ये कुणाचं नाव दिसत नाही. शत्रू शेजारी असला तरी कळत नाही. आसपासची जहाजं दाखवणारा डायरेक्शनल स्कॅनर सतत दाबत राहायचं, तोही १४ एयूच्या (एक एयू म्हणजे पृथ्वी ते सूर्य एवढं अंतर) थोडंच पुढे बघतो, आणि क्लोक केलेलं, म्हणजे अदृश्य झालेलं, जहाज त्यात येतच नाही. शिवाय साइटवर पंधरा-वीस मिनिटांत स्लीपर येतात ते वेगळंच.

म्हणून भावाला होलच्या, म्हणजे आम्ही आत आलो त्या भोकाच्या, तोंडाशी बसवलं. त्याने काही ओढायचं नाही, फक्त लक्ष ठेवायचं. आणि वाटणी आम्ही केली ती घनमीटरवर : ज्याने जेवढा वायू आणला त्याचे तेवढे पैसे. भावाला त्या हिशेबात वरचे चिल्लर आले. त्याने दोन रविवार काही म्हटलं नाही. तिसऱ्या रविवारी म्हणाला, “ताई, मी पण आज व्हेंचर घेऊन येतो.” मी हो म्हटलं. माझी चूक होती. चार जहाजं ओढतील, जास्त मिळेल, एवढंच मला दिसलं.

त्या दुपारी अकराव्या मिनिटाला माझ्यापासून चार किलोमीटरवर स्ट्रेटिओस नावाचं एक लढाऊ जहाज क्लोकमधून बाहेर आलं, आणि पाठोपाठ आणखी दोन जहाजं. व्हेंचरला वॉर्पसाठी, म्हणजे झेप घेऊन निसटण्यासाठी, जादा ताकद असते, एकट्याने धरलं तर बहुतेक वेळा सुटता येतं. तिघांनी धरल्यावर सुटका नव्हती. मी वॉर्पचं बटण दाबत राहिले, स्क्रीनवर तेच तेच लाल अक्षर. आधी माझं जहाज, मग मित्राचं, मग भावाचं. काका तेवढे निसटले, कारण पहिलं जहाज दिसताक्षणी त्यांनी वायूकडे न बघता पळ काढला. नुकसान फार नव्हतं, व्हेंचर स्वस्त असतं. पण कॉलवर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग भाऊ हळूच म्हणाला, “मी तिथं असतो तर मला आवाज आला असता.”

तो आवाज म्हणजे काय ते सांगते. होलमधून कुणीही आत आलं की होल घुमतं, आणि आसपास असलेल्याला ते ऐकू येतं. आलेलं जहाज हललं नाही तर मिनिटभर दिसत नाही, पण आवाज लपत नाही. राखणाऱ्याने हेडफोन लावून, संगीत बंद करून, फक्त त्या आवाजासाठी बसायचं असतं. तासभर, दीड तास. हातात दुसरं काही घेता येत नाही. या कामाला आम्ही शून्य किंमत लावली होती.

सोमवारी ऐरोलीला जाताना, ट्रान्स हार्बरच्या गाडीत, मी मित्राला हे सगळं पुन्हा सांगत होते. तो म्हणाला, “आमच्याकडे होडीवर असं नसतं.” त्याच्या आजोबांच्या वेळी मासळीचे वाटे पडायचे ते माणसागणिक, आणि होडीला वेगळा वाटा, जाळ्याला वेगळा. कुणाच्या हाताने किती मासळी वर आली हे कुणी मोजत नसे. सुकाणू धरणारा जाळं ओढत नाही म्हणून त्याला वाटा नाही, असं कुणी म्हणालं असतं तर होडी निघालीच नसती. दिघा गाव येईपर्यंत आमचा नियम ठरला.

तेव्हापासून वाटणी अशी : एकूण विक्रीतून अडत-सेस वजा करायचा, दहा टक्के कॉर्पोरेशनच्या पाकिटात, बाकी सगळ्यांना सारखं. राखणाऱ्याला पूर्ण वाटा. पाकिटातले दहा टक्के म्हणजे आमच्या होडीचा वाटा. कुणाचं जहाज गेलं की त्यातून नवं. मोठ्या टोळ्यांमध्येही जहाज भरून देण्याची अशी पद्धत असते. काका हे सगळं वहीत लिहितात, खतावणी घालतात, आणि महिन्याच्या शेवटी तिचा फोटो पाठवतात. माणशी, तासाला, सरासरी दोन-सव्वादोन कोटी पडतात. राखणीला एक माणूस कायम बसूनसुद्धा. आणि त्या रविवारनंतर होलवरचा आवाज ऐकून आम्ही सहा वेळा पळालो आहोत, एकच व्हेंचर गमावलं आहे.

वेळेचंही महत्त्व आहे. खेळाचं घड्याळ यूटीसीवर चालतं. युरोपची गर्दी आपल्याकडे रात्री साडेअकरापासून पुढे असते, मोठे ताफे तेव्हाच निघतात आणि सकाळी ऑफिस असणाऱ्याचे हाल होतात. पण रविवारी दुपारी जेवणानंतर युरोपात सकाळ असते, अमेरिका झोपलेली असते, वर्महोल शांत असतात. साडेचारला सर्व्हर रोजच्या देखभालीसाठी बंद होतो. दोन ते सव्वाचार ही आमची वेळ.

मोठ्या ताफ्यात मी तीनदाच गेले आहे, त्याबद्दल फार सांगण्याचा मला अधिकार नाही. एवढं कळलं की ताफ्याचा प्रमुख सांगेल तेच लक्ष्य, आणि नव्या माणसाने स्वस्त जहाजातून शत्रूला धरून ठेवलं तरी त्याला मान मिळतो. फार गर्दी झाली की सर्व्हर वेळच संथ करतो, अगदी दहा टक्क्यांपर्यंत. शिकायचं असेल तर २००४ पासून नव्यांना शिकवणारी ईव्ह युनिव्हर्सिटी आहे, तिची माहिती मी अजूनही रोज वाचते.

काकांना मात्र एक लढाई फार भावली. जानेवारी २०१४, बी-आर५आरबी सिस्टम. ताबा टिकवण्याचा हप्ता वेळेवर भरला गेला नाही, सिस्टम उघडी पडली, आणि त्यावरून जवळजवळ एक दिवस युद्ध चाललं. पंचाहत्तर टायटन, म्हणजे सगळ्यात महागडी जहाजं, नष्ट झाली. ते ऐकून काकांनी खेळातल्या आमच्या कॉर्पोरेशनच्या ऑफिसच्या भाड्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनने लिहिली.

तक्रारीही आहेत. अल्फा खात्याला खाणकामाची मोठी जहाजं मिळत नाहीत आणि क्लोक वापरता येत नाही, त्यामुळे आमचा राखणदार सुरुवातीला उघड्यावर, होलपासून शंभर किलोमीटरवर बसायचा. सुरुवातीचं शिक्षण आधीपेक्षा बरं आहे म्हणतात, पण बाजाराबद्दल ते जवळजवळ काहीच शिकवत नाही. आणि फसवणूक नियमात बसते, हे मला अजून पटलेलं नाही. चौथ्या महिन्यात एक खेळाडू गोड बोलून आमच्यात आला. मी त्याला हँगरची, म्हणजे आमच्या सामायिक कोठाराची, परवानगी दिली आणि एका रात्रीत अठरा कोटींचा माल गेला. दाद कुठे मागता येत नाही. आता नव्या माणसाला हँगर उघडत नाही, आणि परवानग्या दोघांनी मिळून दिल्याशिवाय द्यायच्या नाहीत, असं ठरलं आहे. बाहेर रुपये घेऊन इस्क विकणाऱ्यांच्या वाटेलाही जाऊ नका. ते नियमाबाहेर आहे आणि खातं जातं.

ओमेगा मी घेतलं का? खिशातून नाही घेतलं. सातव्या महिन्यात चौघांनी ठरवून वायूचे आणि काकांच्या व्यापाराचे पैसे एकत्र केले, ५०० प्लेक्स घेतले आणि एकच खातं ओमेगा केलं. भावाचं. आता तो क्लोक लावून होलच्या तोंडाशी बसतो.

आम्हाला पाचवा माणूस हवा आहे. ठाणे किंवा नवी मुंबईचा असला तर बरं, महिन्यातून एकदा काकांकडे चहाला जमता येतं. रविवारी दुपारी दोन ते सव्वाचार वेळ पाहिजे आणि चांगले हेडफोन पाहिजेत. पहिले दोन महिने हँगर मिळणार नाही, राखणीवर बसावं लागेल. वाटा पहिल्या दिवसापासून पूर्ण.