पेटारा, घंगाळ, बरण्या आणि जाते : नव्या घरात काय न्यावे?

गावचे घर किंवा वाडा मोकळा करताना माळ्यावरून आणि कोठीच्या खोलीतून ज्या वस्तू खाली येतात, त्यांतल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये फार तर दोन-तीन मावतात. उरलेल्या भाऊबंदांत वाटल्या जातात किंवा मोडीत निघतात. काय ठेवायचे, हे बहुधा टेम्पो दारात उभा असताना ठरते. ते थोडे आधी ठरवता यावे, म्हणून अनेक मराठी घरांत आढळणाऱ्या चार वस्तू येथे शेजारी-शेजारी ठेवून पाहिल्या आहेत. माझी कसोटी एकच आहे: भोक न पाडता, न कापता आणि मूळ रूप न खरवडता ती वस्तू रोजच्या वापरात येते का?

या कसोटीवर सागवानी पेटारा सर्वांत सरस ठरतो, कारण त्याला नवे काम शिकवावेच लागत नाही. तीन फूट लांब आणि दीड-दीड फूट रुंद व उंच अशा पेटाऱ्यात आतली जागा दीडशे लिटरच्या आसपास निघते. म्हणजे घरातल्या गोधड्या, रजया आणि पाहुण्यांच्या चादरी त्यात सहज जातात. मात्र तो वरून उघडतो, हे विसरून चालत नाही. झाकणावर दिवा, पुस्तके आणि फुलदाणी मांडली की प्रत्येक वेळी ती सगळी उचलावी लागतात आणि हळूहळू पेटारा उघडणेच बंद होते. म्हणून रोज लागणाऱ्या वस्तू त्यात ठेवू नयेत. हंगामी वस्तू ठेवाव्यात. कोकणातल्या किंवा मुंबईच्या पावसाळी ओलीत तो भिंतीपासून चार बोटे पुढे आणि लाकडी ठोकळ्यांवर उचलून ठेवावा, म्हणजे खालून-मागून वारा खेळता राहतो.

पेटारा घरात घेण्यापूर्वी भुंग्याची खात्री करून घ्यावी. सागाच्या गाभ्याला कीड सहसा लागत नाही, पण कडेच्या फिकट लाकडाला किंवा तळाला लावलेल्या हलक्या फळीला ती लागते. खाली काळा कागद पसरून पंधरा दिवस थांबावे. कागदावर पिठासारखा ताजा भुसा पडला, तर कीड जिवंत आहे. नुसतीच जुनी भोके असतील, तर घाबरण्याचे कारण नाही. दुसरी काळजी सुताराची. आमच्या घरच्या पेटाऱ्यावर एका कारागिराने आपल्या परीने चांगुलपणानेच यंत्राने पॉलिश पेपर फिरवला. कोयंड्याभोवती कडीच्या येण्याजाण्याने पडलेली अर्धवर्तुळाकार खाच आणि झाकणाच्या कडेला हातांनी आलेली तुकतुकी दोन्ही तासाभरात गेली. लाकूड नव्यासारखे दिसू लागले, आणि त्याचे मला आजही वाईट वाटते. ओलसर फडक्याने पुसून, पूर्ण वाळल्यावर जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात दिला, तरी पुरे होते.

घंगाळाचे बळ साठवणीत नाही. दीड फूट व्यासाच्या घंगाळात पंचवीस-तीस लिटरच जागा असते आणि तीही उघडी. पण दिसण्यात पेटारा त्याची बरोबरी करू शकत नाही. दोन्ही बाजूंच्या कड्या आणि अंगभर उमटलेले मठारकामाचे ठोके उन्हात लखलखतात. ते ठोके हाताचे असतात. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत हे काम आजही चालते, तेथे ते पाहता येते. मोडीत मात्र धातूचे वजन तेवढे मोजतात, मठारकामाचा दाम शून्य. म्हणून घंगाळ विकण्यापूर्वी दोनदा विचार करावा. त्यात थेट माती भरून झाड लावू नये. ओल आणि खतातल्या क्षारांनी आतून हिरवा कळंक चढतो. कुंडी वेगळी ठेवून ती आत बसवावी. वर्तमानपत्रे, लोकरीचे गुंडे किंवा मुलांची खेळणी ठेवायची असतील, तर तळाला जाड कापड घालावे. आणि चिंच-मिठाने घासण्याचा कंटाळा असेल, तर ते काळसर तपकिरी होऊ द्यावे. तो रंगही देखणा असतो.

तांब्याच्या बंबाला भोक पाडून त्याचा दिवा केलेला अनेक ठिकाणी दिसतो. मला ते पटत नाही. मधली नळी, खालची जाळी आणि तोटी यांत पाणी तापवण्याची जी युक्ती आहे, ती पुढच्या पिढीला दाखवता येईल अशीच राहायला हवी.

चिनी मातीच्या बरण्या लहान घराला सर्वांत सोयीच्या. टिचकी मारल्यावर खणखणीत आवाज आला तर बरणी धड आहे. आवाज बद्द आला तर कुठेतरी चीर आहे. जुन्या झिलईत शिसे असू शकते, म्हणून झिलईला जाळी पडलेल्या बरणीत लोणचे, चिंच असे आंबट पदार्थ घालू नयेत. पळ्या-डाव किंवा छत्र्या त्यात खुशाल ठेवाव्यात.

जाते ठेवायचे तर आधी वजनाचा विचार करावा. सोळा इंच व्यासाची आणि तीन इंच जाडीची काळ्या पाषाणाची एक तळी तीस किलोच्या घरात जाते, म्हणजे दोन्ही मिळून साठ. ते फळीवर किंवा काचेच्या टेबलाखाली नको, जमिनीवरच आणि शक्यतो कोपऱ्यात हवे. साठवणीला त्याचा काहीच उपयोग नाही. तरी ज्या घरात त्यावर दळताना ओव्या म्हटल्या गेल्या, त्या घराने जागा असल्यास ते जरूर ठेवावे. खुंटा मात्र काढून ठेवू नये. तो जागेवर असला, की येणारे मूल आपसूक हात लावून जाते फिरवून पाहते.

परदेशी राहणाऱ्यांना एक गोष्ट आधीच ठाऊक असावी. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षे पूर्ण झालेली कारागिरीची वस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. पणजीचा पेटारा तेवढा जुना असण्याची शक्यता असेल, तर तो इथल्याच एखाद्या नातलगाच्या घरी वापरात ठेवावा.