सहा महिने लीव्हरलेस वापरून: शॉर्टकट म्हणजे रडीचा डाव का?

दिवाळीत घेतला, आता सहा महिने होत आले. ऑफिसवरून आल्यावर रोज तास-दीड तास स्ट्रीट फायटर ६ (कॅपकॉम कंपनीचा मारामारीचा गेम) याच्यावरच खेळतोय, त्यामुळे आता मत द्यायला हरकत नाही. ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी, लीव्हरलेस म्हणजे दांडीच नसलेला आर्केड कंट्रोलर, एक सपाट पेटी, डावं-खाली-उजवं अशा तीन दिशांची तीन बटणं डाव्या हाताच्या बोटांखाली आणि उडीचं मोठं बटण अंगठ्याखाली. माझा एका छोट्या बिल्डरने हाताने जोडलेला आहे, ६,८०० ला पडला, आत रास्पबेरी पाय पिको बोर्ड आणि त्यावर जीपी२०४०-सीई हे फुकट मिळणारं ओपन सोर्स फर्मवेअर, म्हणजे बोर्ड चालवणारं सॉफ्टवेअर.

बांधणी चांगली आहे. स्विच लो-प्रोफाइल, आवाज कमी, रात्री बाराला घरचे झोपलेले असताना हे फार महत्त्वाचं. खाली रबर आहे म्हणून मांडीवरून घसरत नाही. यूएसबीचं तोंड मात्र सैल बसवलंय, केबल जराशी ओढली गेली की कनेक्शन जातं, रँक्डमध्ये (गुणांच्या ऑनलाइन मॅचमध्ये) दोनदा गेलं आणि दोन्ही मॅच हातच्या गेल्या, शेवटी मीच ग्लू लावून पक्कं केलं.

हात बसायला साधारण तीन आठवडे लागले. पहिल्या आठवड्यात तर साधी उडी मारायला अंगठा सापडत नव्हता.

पण मला खरं लिहायचंय ते वेगळं. पेटी आली तेव्हा बिल्डरचा मेसेज होता की वरच्या दोन जास्तीच्या बटणांवर शोर्युकेन (हवेत उसळून मारायचा ठोसा) टाकून दिलाय, एक उजवीकडे तोंड असताना वापरायचं, एक डावीकडे. म्हणजे मॅक्रो. पुढे, खाली, तिरकं-खाली आणि पंच हे सगळं बोर्ड स्वतः दाबणार, न चुकता, दर वेळी. मी पाच मिनिटं ट्रेनिंग मोडमध्ये दाबून बघितलं आणि खरं सांगतो, मला फार वाईट वाटलं, कारण हाच शोर्युकेन मी शाळेत असताना गल्लीच्या कोपऱ्यावरच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये एकेक रुपया घालून शिकलो होतो, दहातला एक निघायचा आणि निघाला की मागे उभी पोरं ओरडायची. त्याच रात्री पेटी पीसीला लावली, ब्राउझरमध्ये सेटिंगचं पान उघडलं आणि दोन्ही मॅक्रो उडवले.

आता कोणी म्हणेल, अरे पण लीव्हरलेस हाच एक शॉर्टकट नाही का? प्रश्न रास्त आहे. दांडी एका वेळी डावी आणि उजवी दोन्हीकडे जाऊच शकत नाही, बटणं मात्र दोन्ही एकदम दाबता येतात. मग अशा वेळी गेमला काय कळवायचं हे बोर्ड ठरवतो, आणि सगळी भानगड तिथेच आहे. माझ्याकडे दोन्ही दाबली की न्यूट्रल, म्हणजे कुठलीच दिशा नाही. तरीसुद्धा फायदा होतोच. शोर्युकेनसाठी मी उजवं धरून ठेवतो, मग खालचं धरतो, मग डावं फक्त एकदा टॅप करतो. टॅपच्या क्षणी उजवं-डावं एकमेकांना कापतात, उरतं नुसतं खाली, डावं सुटलं की परत तिरकं-खाली, त्यावर पंच. झाला शोर्युकेन, आणि दोन बोटं तर जागची हललीसुद्धा नाहीत. दांडीवाल्याला हे जमणार नाही, मान्य आहे. पण प्रत्येक इनपुट माझ्या बोटाने दिलाय, टॅप उशिरा झाला तर मूव्ह निघत नाही आणि मार मीच खातो.

याउलट 'शेवटचं दाबलेलं बटण जिंकतं' अशी सेटिंग घ्या. गायल या पात्राचा सोनिक बूम (लांबून फेकायचा वार) मारायला थोडा वेळ मागे धरून चार्ज करायचं आणि मग पुढे आणि पंच. या सेटिंगमध्ये मागचं बटण सोडायचंच नाही, पुढचं नुसतं टिचकी मारल्यासारखं दाबायचं, बूम निघतो आणि बोट उचललं की लगेच ब्लॉकही चालू आणि पुढचा चार्जही चालू. मागे जाऊन ब्लॉक करायचं की पुढे येऊन मारायचं, ही गायलची खरी अडचण, तीच पेटीने काढून टाकली. २०१९ मध्ये दाइगो उमेहारा या जपानी प्रो खेळाडूचा गाफ्रो बॉक्स, तोही लीव्हरलेसच, कॅपकॉमने स्पर्धेत चालणार नाही म्हणून सांगितलं, तेव्हाही वाद उलट दिशांच्या बटणांचाच होता. एव्हो या मोठ्या स्पर्धेत २००४ मध्ये चुन-ली या पात्राच्या सुपरचे (मोठ्या वाराचे) सगळे फटके एकेक करून पॅरी करणारा, म्हणजे अचूक वेळी अडवणारा हा माणूस, त्याला शॉर्टकटची गरज म्हणून कोणी बोट दाखवणार नाही, तरी पेटीला नियम लागला आणि ते बरोबरच झालं असं मला वाटतं. आता कॅपकॉमच्या प्रो टूरमध्ये शेवटचं-बटण-जिंकतं सेटिंग चालत नाही. शूटिंग गेममध्येही हेच झालं, कीबोर्डच्या अशाच सोयी २०२४ च्या ऑगस्टमध्ये व्हॉल्व्हने काउंटर-स्ट्राइक २ च्या अधिकृत सर्व्हरवर बंद केल्या.

मॉडर्न कंट्रोल, म्हणजे गेममध्येच असलेली एका बटणाने स्पेशल मूव्ह काढायची सोपी पद्धत, तिचं काय, हे मात्र मी वेगळं धरतो. ठाण्याला एका मित्राकडे रविवारी आम्ही पाच-सहा जण जमतो, त्यातला एक मॉडर्नवर केन हे पात्र खेळतो. तुम्ही उडी मारली की पुढे आणि एक बटण, शोर्युकेन तोंडावर. सुरुवातीला मीच सगळ्यात जास्त भांडलो की ही चीटिंग आहे. उडी पाऊण सेकंदाची असते, त्यात बघायचं, ओळखायचं आणि मोशन (दिशांचा क्रम) काढायचं यात माझी दमछाक होते, आणि याला फक्त बघायचं आणि दाबायचं. पण मग मीच महिनाभर मॉडर्न खेळून बघितलं. एका बटणाने काढलेल्या स्पेशलचं डॅमेज ८० टक्केच मिळतं, सहाच्या जागी तीनच अटॅकची बटणं, त्यामुळे काही नॉर्मल मूव्ह (साधे ठोसे-लाथा) हातातून जातातच. म्हणजे शॉर्टकटची किंमत गेमनेच ठरवून वसूल केलीय. शिवाय तो सगळ्यांना सेटिंगमध्ये उघडा मिळतो आणि समोरच्याला मॅचआधी दिसतो की हा मॉडर्नवाला आहे, म्हणजे मला माझ्या उड्या कमी करता येतात. आमच्यातल्या एकाच्या उजव्या हाताची दोन बोटं मशीनमध्ये सापडून कायमची आखडलीयत, तो मॉडर्नमुळे आज आमच्यात बसून बरोबरीने खेळतो आणि बऱ्याचदा मला हरवतो. त्याच्या तोंडावर रडीचा डाव म्हणायची माझी तरी हिंमत नाही, आणि इच्छाही नाही.

मॅक्रोचं तसं नाही ना. तो दिसत नाही, त्याची किंमत गेमने लावलेली नाही, डॅमेज पूर्ण शंभर टक्के, आणि समोरचा बिचारा समजतो की याचा हात फार तयार आहे. टर्बोचंही (बटण धरलं की आपोआप भराभर दाबलं जातं ते) तेच. ड्राइव्ह इम्पॅक्ट या वारासाठी दोन बटणांऐवजी एक ठेवणं वेगळं, ते गेमच्याच सेटिंगमध्ये आहे, पॅडवाले सगळे वापरतात, त्यावर भांडण नको.

तर कंट्रोलर घ्या, मी घ्याच म्हणेन, विशेषतः दांडीने मनगट दुखत असेल तर, माझं दुखणं दोन महिन्यांत थांबलं. फक्त ऑर्डर देतानाच बिल्डरला स्पष्ट सांगा की उलट दिशा न्यूट्रल ठेव, मॅक्रो आणि टर्बो रिकामे ठेव, आणि पेटी आली की स्वतः सेटिंगचं पान उघडून तपासा, कारण तुम्हाला माहीत नसताना कुणीतरी आत काहीतरी घालून ठेवलेलं असू शकतं आणि उद्या स्पर्धेत पकडलं गेलं तर बाहेर तुम्ही जाणार, बिल्डर नाही. आमच्याकडे आता रविवारी पहिल्या मॅचआधी ज्याची त्याने सेटिंग लॅपटॉपवर उघडून दाखवायची असं ठरलंय, दोन मिनिटं लागतात.

पाचपैकी चार स्टार. अर्धा यूएसबीच्या तोंडासाठी कापला, अर्धा त्या दोन मॅक्रोंसाठी.