घरगुती माळ की व्यावसायिक माळ?

सणाला घराबाहेर लावायच्या एलईडी माळा दिसायला सारख्याच. फरक वायर हातात घेतल्यावर कळतो. घरगुती माळेची वायर बारीक, किंमतही कमी. आठ-दहा दिवसांसाठी ती पुरे. व्यावसायिक माळेची वायर जाड, आणि बऱ्याचदा दिवा सॉकेटसकट एकसंध ओतलेला, त्यामुळे पाणी शिरायला फटच उरत नाही. मात्र असा दिवा गेला की बदलता येत नाही, हेही खरं. शिवाय तिच्यात बहुधा पूर्ण-तरंग रेक्टिफायर असतो, म्हणजे उलटसुलट वाहणाऱ्या विजेच्या दोन्ही अर्ध्या लहरी एकाच दिशेला वळवणारा भाग: 50 हर्ट्झच्या विजेवर प्रकाश सेकंदाला 100 वेळा स्पंदतो. एकच अर्धी लहर वापरणाऱ्या स्वस्त अर्ध-तरंग माळेत 50 वेळाच, आणि ती लुकलुक डोळ्यांना खुपते, मान वळवली की तर जास्तच. दरवर्षी महिनाभर झाडावर राहणार असेल, तर मी व्यावसायिकच घेईन.