सेक्शन क्लासिफिकेशनची एक्सेल शीट : नऊ महिने वापरल्यावर

कुपवाड एमआयडीसीतल्या शेड आणि सांगलीतली हळदीची गोदामं, हे आमच्या ऑफिसचं रोजचं काम. आयएस ८००:२००७ या पोलादी बांधकामाच्या भारतीय मानकातला तक्ता २ (प्लेटच्या रुंदी-जाडीच्या मर्यादांचा) दर वेळी उघडायचा कंटाळा, म्हणून मित्राकडून ही शीट घेतली. फुकटच मिळाली.

मापं आणि यील्ड स्ट्रेस (ज्या ताणाला पोलाद कायमचं वाकायला लागतं तो) टाकला की सेक्शन प्लास्टिक, कॉम्पॅक्ट, सेमी-कॉम्पॅक्ट की स्लेंडर ते लगेच दिसतं; दाबाखाली प्लेट किती लवकर लचकते त्याचे हे वर्ग, स्लेंडर सगळ्यांत आधी लचकणारी. प्लेटचं रुंदी-जाडीचं गुणोत्तर आणि त्याची मर्यादा शेजारी शेजारी छापते, हे मला आवडलं. आयएसएमबी (कारखान्यात लाटलेला, म्हणजे रोल्ड, तयार आय-सेक्शन) ३०० टाका नाहीतर ४००, बेंडिंगला प्लास्टिकच येणार; तिथं शीट लागतच नाही.

लागते ती बिल्ट-अपला, म्हणजे प्लेटी वेल्ड करून बनवलेल्या सेक्शनला, आणि नेमकी तिथंच फसवते.

एका गोदामाचा रॅफ्टर (छताची तिरपी तुळई) होता : फ्लँज (वरची-खालची आडवी प्लेट) २०० × ८, वेब (मधली उभी प्लेट) ५०० × ५ मिमी. वजन कमी करा म्हणून पार्टी मागे लागली, तर ई २५० ऐवजी ई ३५० पोलाद घेतलं (आकडा यील्ड स्ट्रेसचा). शीट म्हणाली सेमी-कॉम्पॅक्ट. ड्रॉईंग फॅब्रिकेटरकडे जाणार, तेवढ्यात सरांनी चहा घेता घेता कॅल्क्युलेटर ओढला. "अर्धी फ्लँज १००, भागिले ८, साडेबारा. एप्सिलॉन, म्हणजे २५० भागिले यील्ड स्ट्रेस, त्याचं वर्गमूळ, ०.८४५. वेल्डेडला १३.६ गुणिले ते, साडेअकरासुद्धा होत नाही. अरे, स्लेंडर आहे ही!"

शीट रोल्डचे १५.७ धरून बसली होती. रोल्ड-वेल्डेडचा ड्रॉपडाउन आहे, पण कोपऱ्यात, फिकट अक्षरांत, आणि आधीपासून 'रोल्ड'वर. गंमत म्हणजे ई २५० मध्ये हीच फ्लँज १३.६ च्या आत बसत होती. शेवटी फ्लँज १० मिमी केली; मीटरला सव्वासहा किलो वाढले. पार्टीचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

कॉलमला तर शीटवर विसंबूच नका. वेबला ती निव्वळ बेंडिंगची १२६ एप्सिलॉनची मर्यादा लावते. अक्षीय दाब आला की त्या मर्यादेला १ + २आर२ ने भागायचं असतं (आर२ म्हणजे सरासरी अक्षीय दाबताण भागिले सेक्शनचा डिझाइन दाबताण). वरच्याच वेबचं गुणोत्तर १०० आहे, मर्यादा १०६. आर२ नुसता ०.०४ झाला तरी ती स्लेंडर. प्लेट २० मिमीच्या वर गेली की ई ३५० चे ३३० होतात, तेही आपणच लक्षात ठेवायचं.

तरी वापरतोय. ड्रॉपडाउन आता लाल करून रिकामा ठेवलाय; काही निवडल्याशिवाय निकालच येत नाही. कॉलमची वेब मात्र अजून वहीतच करतो.