म्हादईची दरी की दूधसागर?

दूरवरचे पाहुणे विचारतात, "घाटातलं गोवं बघायला कुठे जावं?" माझं मत म्हादई नदीकडे झुकतं.

दूधसागर भव्य आहे, यात शंका नाही. 310 मीटर उंचीचा कातळ, त्यावरून फेसाळत कोसळणारं पाणी आणि मधल्या कमानीच्या पुलावरून जाणारी रेल्वे. हा लोहमार्ग पोर्तुगीज काळात, 1880च्या दशकात घातला. कोरड्या दिवसांत कुळे गावातून जीप धबधब्याच्या पायथ्याजवळ पोहोचवते. पण सुट्टीच्या दिवशी गर्दी फार. आणि रुळांवरून चालत जायला बंदी आहे, ती पाळाच.

म्हादई वेगळी. कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यात उगम पावून ती गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात उतरते. भर पावसात उस्ते ते सोनाळ या पट्ट्यात राफ्टिंग चालतं. तांबूस पाणी, दोन्ही काठांवर दाट रान, मध्येच खडकांवरून उसळणारा प्रवाह. राफ्ट सावकाश वाहू लागली की पाखरांचे आवाज ऐकू येतात, तेव्हा बोलूच नये! याच सत्तरीतला नाणूसचा किल्ला 1852 साली दीपाजी राणे यांनी पोर्तुगिजांकडून घेतला. रान आणि नदी ठाऊक असलेल्या माणसांचं ते बंड. 1999 पासून इथलं 208 चौरस किलोमीटर रान अभयारण्य आहे.

लहान मुलं, वयस्क आई-वडील सोबत असतील तर हिवाळ्यात दूधसागर, येताना तांबडी सुर्लाचं कदंबकालीन महादेव मंदिर. अंगात जोर असेल, तर जुलैत म्हादईसाठी सत्तरीतल्या वाळपईची वाट धरा.