घरी बारा-पंधरा माणसं आली की सरबत कशातून द्यायचं? तीन जग वापरल्यानंतरचा माझा अनुभव

आमच्याकडं उन्हाळ्यात माणसं येतच राहतात. शाळा सुटल्या की नणंदा मुलांना घेऊन येतात, महिन्याची भिशी असते, आणि सोलापूरचं ऊन काय सांगायचं, एप्रिल-मे मधे पारा चाळिशीच्या खाली यायला सहसा तयार नसतो, त्यामुळं दारात आलेल्या माणसाला चहा विचारायच्या आधी पन्हं नाहीतर ताक हातात द्यावंच लागतं. इतकी वर्षं पातेल्यातून ग्लास भरून ट्रेमधून आणायचे, पण कुणाला अजून अर्धा ग्लास हवा असला की परत आत जा, परत भरा, आणि इकडं गप्पा निघून जातात. म्हणून मधोमध ठेवता येईल आणि ज्याला पाहिजे तो ओतून घेईल असा काचेचा जग शोधायला लागले. ऑनलाइन त्याला कॅराफ म्हणतात, दुकानात गेलात तर जगच म्हणा, पटकन कळतं.

पहिला ऑनलाइनच मागवला, सुरईसारखा, बारीक मान आणि खाली गोल पोट. दिसायला इतका सुंदर की सासूबाईंनी तो दोन दिवस टेबलावर नुसताच ठेवायला लावला. साध्या पाण्याला तो उत्तम होता, खोटं कशाला बोलू. पण पन्हं ओतलं आणि पंचाईत झाली, कैरीचा गर मानेत अडकला, आधी काहीच येईना आणि मग एकदम भस्सकन आलं, नणंदेच्या ग्लासात कमी आणि ताटलीत जास्त. तो आकार मुळात वाइनचा आणि पाण्याचा, आपल्याकडची पेयं तशी पातळ नसतात, पन्ह्यात गर असतो, मठ्ठ्यात कोथिंबीर-आलं असतं, ताकात जिरं तरंगतं. धुवायचं तर अजून अवघड. ताकाचं लोणी खांद्याच्या आतल्या बाजूला चिकटतं आणि ब्रश नेमका तिथंच वळत नाही. मूठभर तांदूळ, कोमट पाणी आणि दोन थेंब साबण घालून गोल गोल हलवलं की बऱ्यापैकी निघतं, पण पाहुणे गेल्यावर रात्री अकराला ते कोण करत बसणार.

दुसरा इथल्याच एका दुकानातून घेतला, दोन लिटरचा, जाड काचेचा. जाड म्हणजे मजबूत असं वाटलं. दुकानदारानं पण छातीठोकपणे सांगितलं, "चालतंय की वहिनी, गरम चहा ओता, काय होत नाही." उन्हाळा त्याच्यावर निघाला, फक्त तो मोकळाच सव्वा किलोचा होता, भरल्यावर सव्वातीन किलो, आणि सासूबाईंना एका हातानं उचलायचाच नाही. कोजागिरीला त्यात मसाला दूध ओतलं, केशर-वेलचीचं, गॅसवरून नुकतंच उतरवलेलं. अर्धा भरला असेल नसेल, टक् असा आवाज आला आणि बूड तबकडीसारखं गोल सुटून ओट्यावर राहिलं, वरचा भाग माझ्या हातात. लिटरभर दूध ओट्यावरून खाली. कुणाला लागलं नाही हे नशीब, मुलगी बाजूलाच उभी होती.

त्यानंतर मी काचेबद्दल नीट माहिती काढली, आणि हे सगळ्यांना माहीत पाहिजे असं मला मनापासून वाटतं. साधी काच गरम झाली की बऱ्यापैकी पसरते. जाड असली की आतली बाजू लगेच तापून पसरते आणि बाहेरची अजून गारच असते, त्या ओढाताणीत ती तडकते. म्हणजे गरमासाठी जाड साधी काच उलट जास्त धोक्याची. बोरोसिलिकेट काचेत बोरॉन असतो आणि ती साध्या काचेच्या साधारण एक तृतीयांशच पसरते, म्हणून पातळ असूनही टिकते, लॅबमधली भांडी त्याचीच असतात. आणि बोरोसिल हे कंपनीचं नाव आहे, बोरोसिलिकेट हे काचेचं, दुकानात दोन्हीची सरमिसळ करून सांगतात. डब्यावर बोरोसिलिकेट असं छापलंय का ते स्वतः वाचा. साधी काच कडेनं बघितली की बहुतेक वेळा हिरवट दिसते, तेही बघून घ्या.

आता वापरतेय तो तिसरा, नवी पेठेतून घेतलेला, १.२ लिटरचा बोरोसिलिकेट, तोंड रुंद, वर स्टीलचं झाकण. यावेळी घाई केली नाही. आधी तोंडात हात घालून बघितला, माझी चार बोटं सरळ बुडापर्यंत जातात, म्हणजे साधी घासणी फिरते. मग दुकानात पाणी मागितलं आणि ओतून बघितलं. दुकानातली पोरं बघायलीत तर बघू देत, पण हे केल्याशिवाय जग घेऊच नका. ओतणं थांबवल्यावर शेवटचा थेंब कुठं जातो ते बघायचं. ज्याची चोच गुळगुळीत गोल असते त्याचा थेंब परत फिरून काचेवरून खाली ओघळतो, ज्याची कड धारदार असते त्याची धार तिथंच तुटते. कोकम सरबताचा एक ओघळ आमच्या पांढऱ्या सोलापुरी चादरीवर पडलाय, तीन धुण्यात गेला नाही, त्यामुळं मला या थेंबाचं महत्त्व जास्तच आहे.

१.२ लिटर कमी वाटेल, मलाही वाटला होता. पण एक लिटर भरला की आमच्या दीडशे मिलीच्या ग्लासानं सहा ग्लास आरामात होतात, बारा बायकांना दोन जग एका फेरीला पुरतात. म्हणून मी एका मोठ्याऐवजी दोन घेतले, एकात ताक एकात कोकम, आणि फ्रीजच्या दारात दोन्ही उभे बसतात. एकाला पावणेसातशे पडले. साध्या काचेचा निम्म्यात येतो पण एकदा बूड गळून पडलेलं बघितल्यावर मी ते पैसे बघत नाही.

उणीवा आहेत. झाकणाच्या सिलिकॉन रिंगला ताकातल्या हिंगाचा वास धरतो, आणि दुसऱ्या दिवशी कोकमात तो येतो, म्हणून रिंग काढून वेगळी धुवून उन्हात टाकते, आपल्याकडं उन्हाला काय तोटा. झाकणातल्या जाळीत जिरं बसतं, मठ्ठा असला की झाकण काढूनच ठेवा. आणि गरमाला पक्की असली तरी काच पातळ आहे, नळाला आपटली तर फुटणारच, बेसिनमधे मी खाली जुना नॅपकिन टाकून धुते. आमच्या बोअरच्या पाण्यानं पांढरे डाग पण पडतात, व्हिनेगर घातलेलं पाणी तासभर ठेवलं की जातात, पुसायला फडकं मात्र सुती घ्या.

बर्फ नेहमी सरबत घातल्यावर सोडा, रिकाम्या जगात खडे टाकू नका, आणि सरबत थोडं कडकच करा कारण दहा मिनिटात ते पाणचट होतं. मी तर आता बर्फ घालतच नाही, जग भरून रात्रीच फ्रीजमधे ठेवते.

जाऊबाईंनी तांब्याचा नक्षीचा जग घेतलाय, फार देखणा आहे, पण त्यात फक्त पाणी ठेवा. लिंबू, कोकम, ताक, पन्हं अशा आंबट गोष्टीत तांबं उतरतं, आतून कल्हई असेल तरच चालेल. मी त्यांना दोनदा सांगितलं, आता त्या पाण्यालाच वापरतात. हुरड्याला शेतावर जायचं असेल तर मात्र काच नको, तिथं आम्ही अजून स्टीलचा झाकणाचा जगच नेतो, गाडीत आडवा झाला तरी ताक सांडत नाही.